आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची इंग्लंडमधील अभ्याससहल : १० दिवसांत जुनी गावे किती पाहावीत?

चिरेबंदी (धागालेखिका)

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका वास्तुकला महाविद्यालयात वास्तुकलेचा इतिहास आणि बांधकामसाहित्य हे दोन विषय शिकवते. येत्या मे महिन्यात तिसऱ्या वर्षाच्या २२ विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोन शिक्षक इंग्लंडला जाणार आहोत. लंडनला मुद्दाम दोनच दिवस दिले असून उरलेले १० दिवस जुन्या गावांसाठी राखून ठेवले आहेत. सध्याच्या यादीत बाथ, सॉल्झबरी, ऑक्सफर्ड, स्ट्रॅटफर्ड, चेस्टर, लिंकन, यॉर्क आणि कँटरबरी अशी आठ नावे आहेत, आणि माझ्या मते ही यादी निम्म्यावर आली पाहिजे.

असे का वाटते, तेही सांगते. तीन वर्षांपूर्वीची सहल आम्ही एका प्रवासी कंपनीवर सोपवली होती आणि त्यांनी ८ दिवसांत ९ गावे दाखवली. परत आल्यावर मी सगळ्यांच्या वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा एका मुलीच्या वहीत सॉल्झबरीच्या पानावर ‘कॅथेड्रल, ४० मिनिटे’ एवढीच नोंद सापडली. त्या वर्गात तिच्याइतका रेखाटनाचा हात कोणाचाच नव्हता. चूक तिची नव्हती. आम्ही आखलेल्या दिवसाचीच होती.

आमची मुले देशावरच्या काळ्या दगडाच्या आणि कोकणातल्या जांभ्याच्या मुलखातली आहेत. इंग्लंडमध्ये पन्नास-साठ मैल गेले की दगड बदलतो, आणि दगडाबरोबर भिंतीचा रंग, दरजेची जाडी, नक्षीची खोली आणि खिडकीचा आकारही बदलत जातो. गाव कशाचे बांधले आहे आणि ते साहित्य तेथे कसे पोहोचले, हे मुलांनी स्वतः चालून, मोजून आणि काढून समजून घ्यावे, एवढाच या सहलीचा हेतू आहे. तेथे राहणाऱ्यांनी किंवा विद्यार्थ्यांना घेऊन गेलेल्यांनी कोणती चार गावे निवडावीत आणि प्रत्येक गावात नेमके काय करावे, हे सांगितले तर फार मदत होईल.

पाऊलवाट

मी बाथजवळच्या एका गावात बरीच वर्षे राहतो, त्यामुळे माझे मत बाथच्या बाजूने झुकणार हे आधीच मान्य करतो. तुमचा हेतू साहित्याचा असेल, तर सुरुवात येथूनच करावी.

बाथचा मधाच्या रंगाचा दगड हा चुनखडीचाच एक प्रकार आहे. भिंगातून पाहिले तर त्यात माशाच्या अंड्यांसारखे बारीक गोल कण दिसतात. हा दगड कोणत्याही दिशेने सारखाच कापला जातो आणि खाणीतून निघताना इतका मऊ असतो की त्यावर साधी दातेरी करवतही चालते. हवेवर पडला आणि अंगातला ओलावा उडाला की मगच तो कठीण होतो. अठराव्या शतकात राल्फ ॲलन या व्यापाऱ्याने शहराच्या दक्षिणेकडील कूम डाउन येथील खाणी ताब्यात घेतल्या आणि तेथून खाली नदीपर्यंत रुळांवरून दगड उतरवण्याची सोय केली. साऱ्या शहराला एकच रंग आला, त्यामागे सौंदर्यदृष्टी तर होतीच, पण ही वाहतुकीची व्यवस्थाही होती.

रॉयल क्रेसेंट ही अर्धचंद्राकृती इमारत धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७४ या काळात उभारली. तीत ३० घरे असून दर्शनी बाजूला ११४ आयोनिक, म्हणजे माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेले, स्तंभ आहेत. मात्र विद्यार्थ्यांना केवळ समोर उभे करू नका, मागच्या गल्लीतही घेऊन जा. वुडने दर्शनी भिंतीचा आराखडा ठरवून दिला होता आणि त्यामागे ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे घर बांधून घेतले, म्हणून पुढून राजवाड्यासारखी दिसणारी ही ओळ मागून तीस निरनिराळ्या उंचींची, खिडक्यांची आणि धुराड्यांची दिसते. माझ्या मते बाथमधला सर्वांत मोठा धडा हाच आहे, आणि त्याला तिकीटही लागत नाही.

रोमन स्नानगृहासाठी एक पूर्ण सकाळ ठेवावी. सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी तेथे आजही दररोज ११ लाख लिटरांहून अधिक येते, आणि ते वाहून नेणारी रोमनांची मोरी अजून काम करते. याच शहरात १८४७ साली एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा जन्म झाला. ज्या चार्ल्स डेव्हिस यांनी पुढे हे रोमन स्नानगृह उकरून उजेडात आणले, त्यांच्याच हाताखाली स्टीव्हन्स यांनी उमेदवारी केली, सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी धरून ते पुण्याला आले आणि नंतर मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस त्यांनी रचले. सीएसएमटीच्या घुमटाखालून कधी ना कधी गेलेल्या मुलांना ही ओळख करून द्यायला हवी.

दूरदेशी

मला येथे वेगळे मत मांडायचे आहे, आणि ते विरोधासाठी विरोध म्हणून मांडत नाही. या २२ मुलांपैकी बहुतेकांच्या पालकांनी कर्ज काढून किंवा ठेव मोडून पैसे भरले असतील. त्यांच्यापैकी किती जण पुन्हा इंग्लंडला जातील? तौलनिक अभ्यास करायचा तर उदाहरणे पुरेशी हवीत. चार गावे पाहून ‘इंग्लंडमध्ये असे असते’ असे म्हणता येत नाही. चेस्टरला पहिल्या मजल्यावरून दुकानांच्या सलग छपरी ओट्या जातात, तशा इतरत्र कोठेही पाहायला मिळत नाहीत. लिंकनमध्ये तिसऱ्या शतकातील रोमन वेशीखालून आजही गाड्या ये-जा करतात. कँटरबरीच्या कॅथेड्रलसाठी कां या फ्रान्समधील गावाचा दगड समुद्रमार्गे आणला गेला. तुमच्या विषयाला याहून चांगले उदाहरण कोणते?

आणि ऑक्सफर्ड वगळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली तेथील सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, पण स्त्रियांना पदवी देण्याचा नियमच तेथे नसल्याने प्रत्यक्ष पदवीसाठी त्यांना १९२२ पर्यंत थांबावे लागले. तुमच्या वर्गातल्या मुलींनी त्या कॉलेजचे अंगण एकदा पाहावे, असे मला मनापासून वाटते.

उत्तरवारा

यॉर्कमध्ये नोकरीनिमित्त गेली अकरा वर्षे राहते आहे. चिरेबंदीताई, आठाचे चार करा किंवा पाच करा, पण यॉर्कला तीन रात्रींहून कमी देऊ नका.

या शहराचे थर पायांनी मोजता येतात. इ. स. ७१ मध्ये रोमनांनी येथे लष्करी तळ वसवला. त्या तळाचे दोन मुख्य रस्ते आजच्या स्टोनगेट आणि पीटरगेट या रस्त्यांखाली जवळपास त्याच दिशेने गेले आहेत. विद्यार्थ्यांच्या हातात रोमन तळाचा नकाशा द्या आणि त्यावरूनच त्यांना स्टोनगेटवरून चालायला सांगा. त्यानंतर ८६६ मध्ये व्हायकिंग आले. ‘गेट’ हा शब्द त्यांच्या भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ रस्ता. शहराच्या वेशींना येथे ‘बार’ म्हणतात. नवख्या माणसाचा पहिल्या दिवशी हमखास गोंधळ होतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवावे. कॉपरगेट येथे १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन झाले. तेथील जमीन ओलसर असल्याने हवेचा संपर्क तुटला होता, त्यामुळे हजार वर्षांपूर्वीची लाकडी कुंपणे, कातडी जोडे आणि लाकूड कातताना उडालेला भुसासुद्धा शाबूत निघाला. दगडी इमारती मागे राहतात म्हणून आपण दगडाचाच इतिहास शिकतो. लाकडाचा इतिहास मातीत असतो, हे मुलांना येथे डोळ्यांनी पाहता येईल.

मिन्स्टर या मोठ्या चर्चचे सध्याचे बांधकाम १२२० ते १४७२ असे अडीचशे वर्षे चालले. पूर्वेकडील मोठी खिडकी १४०५ ते १४०८ या काळात कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने केली आणि आकाराने ती टेनिसच्या मैदानाएवढी भरते. दगड यॉर्कजवळच्या टॅडकॅस्टर परिसरातला, फिकट पिवळसर रंगाचा मॅग्नेशियमयुक्त चुनखडीचा आहे. मिन्स्टरचा स्वतःचा पाथरवटांचा कारखाना शेजारीच असून झिजलेला चिरा काढून त्या जागी नवा घडवण्याचे काम तेथे वर्षभर चालू असते. जुलै १९८४ मध्ये दक्षिण बाजूच्या छपराला आग लागली होती. ते छप्पर याच पिढीतल्या सुतारांनी आणि पाथरवटांनी परत उभे केले.

शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली आहे. वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आले आहेत की काही ठिकाणी समोरासमोरच्या खिडक्या हाताच्या अंतरावर येतात. मोजमापाचे काम तेथे सकाळी लवकर उरकावे, कारण दहानंतर पाय ठेवायला जागा राहत नाही.

एक विनंती आहे. क्लिफर्ड्‌स टॉवरला निव्वळ टेकडीवरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी जाऊ नका. मार्च ११९० मध्ये जमावाच्या भीतीने तेथल्या किल्ल्यात आश्रय घेतलेल्या सुमारे १५० ज्यूंचा अंत झाला. अनेकांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःचा जीव देणे पत्करले आणि जे उरले त्यांना बाहेर आल्यावर मारले गेले. तेव्हाचा मनोरा लाकडी होता आणि आजचा दगडी मनोरा तेराव्या शतकातला आहे. हे ठाऊक असल्याशिवाय त्या टेकडीवर चढू नये.

कळस

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्यामुळे सॉल्झबरीविषयी लिहितो. त्या मुलीच्या वहीत ‘४० मिनिटे’ एवढेच राहिले, हे वाचून वाईट वाटले, कारण इंजिनिअरच्या दृष्टीने हे इंग्लंडमधील सर्वांत बोलके कॅथेड्रल आहे.

१२२० मध्ये पायाचे दगड बसले आणि १२५८ पर्यंत मुख्य इमारत उभी राहिली. इतक्या कमी काळात बांधले गेल्यामुळे तीत एकाच शैलीचे काम दिसते. पाया जेमतेम सव्वा मीटर खोल आहे आणि त्याखाली नदीच्या खोऱ्यातील खडीचा थर आहे. तो थर सतत पाण्याने भरलेला राहतो म्हणूनच इमारत तोलून धरली जाते, आणि जमिनीतल्या एका छोट्या झाकणातून काठी सोडून आजही पाण्याची पातळी पाहता येते. पुढे चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोणी तरी या पायावर मनोरा आणि सुळका चढवण्याचे धाडस केले. तो १२३ मीटर उंच, म्हणजे ब्रिटनमधला सर्वांत उंच, असून त्याने सुमारे ६,५०० टन भार वाढवला. मूळ आराखड्यात हा भार धरलेलाच नव्हता.

याचा परिणाम चौकातल्या, म्हणजे चर्चच्या भुजा छेदतात त्या मनोऱ्याखालच्या जागेतल्या, चार मोठ्या खांबांवर दिसतो. पर्बेकच्या काळसर गुळगुळीत दगडाचे हे खांब वाकलेले आहेत, आणि खालून वर पाहिले तर बाक साध्या डोळ्यांना कळतो. १६६८ साली वास्तुकार क्रिस्टोफर रेनने पाहणी करून सुळका कलल्याची नोंद केली आणि लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेण्याचा सल्ला दिला. पुस्तकातल्या आकृतीत बाणाने दाखवलेला भार आणि डोक्यावर सुमारे सात शतके उभा असलेला भार यांतला फरक विद्यार्थ्यांना कळायला त्या चौकात निदान दोन तास तरी बसावे लागते.

आणखी एक धागा जोडतो. एकोणिसाव्या शतकात या कॅथेड्रलच्या जीर्णोद्धाराचे काम वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे होते. त्याच स्कॉट यांनी भारतात एकदाही न येता मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई मनोरा यांचे आराखडे लंडनहून पाठवले. सॉल्झबरी पाहिल्यानंतर राजाबाई मनोरा पुन्हा काढायला सांगा.

नाट्यवेल्हाळ

स्ट्रॅटफर्डचे नाव काढू नका, असे सांगायला आले आहे, आणि कारण केवळ शेक्सपिअर नाही. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ लिहून हॅम्लेट मराठीत आणला, तेव्हापासून या गावाशी आपले नाते आहेच. पण तुमच्या मुलांसाठी तेथे दुसरेच काही आहे.

स्ट्रॅटफर्डच्या आसपास आर्डनचे जंगल होते, म्हणून गाव ओकच्या लाकडाचे झाले. सुतार ओक ओला असतानाच घडवत असत. आधी सगळा सांगाडा जमिनीवर जुळवायचा, प्रत्येक सांध्यावर रोमन अंकांसारख्या खुणा कोरायच्या, मग सुटा करून जागेवर उभा करायचा आणि लाकडी खुंट्या ठोकायच्या. लाकूड वाळत गेले की सांधे आणखी आवळत जातात. दोन चौकटींमधील अंतराला तेथे ‘बे’ म्हणतात आणि घराचा आकार किती बे यावरून सांगतात. आपल्याकडे वाड्याचा आकार किती खणांचा यावरूनच सांगतात ना? लांबी निराळी असेल, पण घर मोजायची रीत एकच आहे. खांब, तुळई आणि खण हे शब्द बोलतच मुलांनी त्या घरांत फिरावे.

शेक्सपिअरच्या जन्मघराविषयी एक अवघड प्रश्नही विचारता येईल. १८४७ साली ते लोकवर्गणीतून विकत घेतले गेले आणि आगीच्या भीतीने त्याला चिकटलेली शेजारची घरे १८५७ साली पाडली गेली. मूळ घर ओळीतले होते, आज ते एकटे उभे आहे. जतन करताना आपण काय गमावतो, यावर तुमच्या वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.

बखर

पाऊलवाट यांनी बाथचा दगड कोठून आला ते उत्तम सांगितले. पैसा कोठून आला, तेही मुलांना विचारायला शिकवावे. रॉयल क्रेसेंटपासून चालत पाच मिनिटांवर ‘सर्कस’ हा गोलाकार चौक आहे. तेथील १४ क्रमांकाच्या घरात ईस्ट इंडिया कंपनीचा रॉबर्ट क्लाइव्ह राहत असे. लॅन्सडाउनच्या टेकडीवर १८२७ साली विल्यम बेकफर्डने बांधलेला मनोरा आहे, आणि त्याच्या घराण्याची संपत्ती जमैकातील ऊसमळ्यांवर राबवलेल्या गुलामांच्या कष्टातून आलेली होती. सुंदर प्रमाणबद्धता शिकताना हिशेबाची ही बाजू झाकली जाऊ नये.

शिदोरी

गेल्या काही वर्षांत दोन गट नेल्याच्या अनुभवावरून थोडी व्यवहारातली माहिती देतो.

अशा सहलीसाठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो. महाविद्यालयाच्या पत्रात सहलीचा हेतू, तारखा आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट असावे, आणि सातबारा, शेतीच्या उत्पन्नाचा दाखला अशी मराठी कागदपत्रे प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह जोडावीत. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात असे धरूनच बोटांचे ठसे द्यायची तारीख घ्यावी. १६ ते २५ वयोगटाचे रेल्वेकार्ड परदेशी पाहुण्यांनाही मिळते आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट देते. मेच्या शेवटच्या सोमवारी तेथे सुट्टी असते आणि त्या आठवड्यात शाळाही बंद असतात, म्हणून तो आठवडा टाळावा.

आर्किटेक्चरच्या मुलांसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की पेपरकटर खिशात किंवा पाठपिशवीत घेऊन रस्त्याने फिरू नये. सबळ कारणाशिवाय असे पाते जवळ बाळगणे तेथे गुन्हा ठरू शकतो. पेन्सिलीला शार्पनर पुरतो. कॅथेड्रल पाहायला बहुतेक ठिकाणी तिकीट असते, मात्र संध्याकाळच्या गायनप्रार्थनेला कोणीही विनामूल्य बसू शकते. त्या वेळी वह्या मिटून ठेवाव्यात आणि दगडी कमानींखाली आवाज कसा घुमतो, तेवढेच ऐकावे.

चिरेबंदी (धागालेखिका)

सर्वांचे मनापासून आभार. बाथ तीन रात्री, सॉल्झबरी दोन, स्ट्रॅटफर्ड दोन आणि यॉर्क तीन असे ठरवले आहे. दूरदेशी, तुमचा मुद्दा मला पटतो, पण तौलनिक अभ्यासासाठी उदाहरणे जशी पुरेशी हवीत, तसे प्रत्येक उदाहरण पुरेसे पाहिलेले हवे, आणि दोन्ही शक्य नसेल तेव्हा मी दुसरे निवडेन. परत आल्यावर येथेच सविस्तर लिहीन.

चिरेबंदी (धागालेखिका)

सहल पार पडून दोन महिने झाले. कबूल केल्याप्रमाणे लिहिते आहे.

बाथच्या दुसऱ्या सकाळी आम्ही रॉयल क्रेसेंटच्या मागे उभे होतो. वहीच्या डाव्या पानावर दर्शनी बाजू आणि उजव्या पानावर मागची बाजू एकाच प्रमाणात काढायची, असे काम दिले होते. त्याआधी पाऊलवाट यांनी सांगितलेला दगडाचा गुणधर्म मी समजावून सांगत होते, की खाणीतून निघताना तो मऊ असतो आणि हवेवर कठीण होतो. तेव्हा रत्नागिरीकडचा एक मुलगा, जो वर्गात कधी फारसा बोलत नाही, म्हणाला, “मॅडम, हा तर आमच्या चिऱ्यासारखाच आहे.” त्याच्या काकांची चिरेखाण आहे. जांभा खाणीत कुऱ्हाडीनेही तासता येतो, पण पावसाळे खाऊन घट्ट होतो, हे त्याने सगळ्यांना सांगितले. खाणीतल्या कोणत्या थराचा चिरा घराला लावायचा आणि कोणता नुसता कुंपणाच्या गडग्याला, तेही सांगितले. मी २० वर्षे दोन्ही दगड शिकवते आहे आणि ही तुलना मला कधी सुचली नव्हती. त्या दिवसापासून गटात दगडाचा विषय निघाला की सगळे आधी त्याच्याकडे पाहू लागले.

बखर यांच्या सूचनेप्रमाणे सर्कसमध्येही थांबलो. क्लाइव्हच्या घरासमोर मी फार बोलले नाही. मात्र एका मुलीने प्रमाणबद्धतेच्या आकृतीखाली ‘खर्च कोणी केला?’ असा रकाना आखला आणि तो रकाना तिने पुढच्या तिन्ही गावांत भरला.

सॉल्झबरीच्या चौकात आम्ही दोन नव्हे, तीन तास बसलो. ओळंबा न्यायची परवानगी मिळेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून मुलांनी जाड दोऱ्याला खोलीची किल्ली बांधली आणि हात लांब करून एक डोळा मिटून खांबाची कड त्या दोऱ्याशी ताडून पाहिली. खालच्या भागात कड दोऱ्याला धरून जाते, मग हळूहळू सुटते आणि वर गेल्यावर त्या फटीतून मागचा प्रकाश दिसू लागतो. प्रत्येकाने हे स्वतः करून पाहिले. तेथील एका वयस्क स्वयंसेवकाने आमचे काय चालले आहे ते विचारले आणि मग आम्हाला जमिनीतले झाकण दाखवून काठीने पाणी मोजण्याची पद्धत समजावली. कळस, तुम्ही सांगितलेला राजाबाई मनोरा पुन्हा काढण्याचा अभ्यास चालू सत्रात दिला आहे.

स्ट्रॅटफर्डला पोहोचण्याआधी माझी एक चूक झाली. सॉल्झबरीहून जाताना बसचालकाने ऑक्सफर्डला दोन तास थांबण्याचे सुचवले, आणि दूरदेशी यांचे म्हणणे मनात असल्यामुळे मी होकार दिला. बस लावायला जागा शोधण्यात आणि सगळ्यांना परत गोळा करण्यात त्यातला एक तास गेला. सॉमरव्हिलपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. संध्याकाळी वह्या पाहिल्या तर २२ पैकी १७ जणांची ती पाने कोरी होती.

स्ट्रॅटफर्डला मुलांनी खण आणि बे यांचा तक्ता केला. सांध्यांवरच्या सुतारांच्या खुणा शोधताना दोघी जणी एका तुळईपाशी अर्धा तास रेंगाळल्या आणि शेवटी त्यांना एकाखाली एक अशा चार खुणा सापडल्या. सगळ्यांनी त्या बोटाने न शिवता जवळून पाहिल्या.

यॉर्कला पहिले दोन दिवस पाऊस होता. क्लिफर्ड्‌स टॉवरला मी पहिल्याच दुपारी नेले आणि वर चढण्याआधी खाली उभे राहून ११९० ची हकिगत सांगितली. वर गेल्यावर कोणीही गटाचे छायाचित्र काढायला सांगितले नाही. शॅम्बल्सचे मोजमाप तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला केले. मे महिन्यात तेव्हा लख्ख उजेड असतो आणि दूधवाल्या गाडीखेरीज गल्लीत कोणी नव्हते. रस्त्याच्या पातळीवर समोरासमोरच्या भिंतींत किती अंतर आहे आणि वरच्या मजल्यावर ते किती उरते, हे मुलांनी पट्टी, सावली आणि एकमेकांच्या उंचीच्या आधाराने काढले. उत्तरवारा, तुम्ही स्वतः पहाटे छत्र्या घेऊन आलात, त्याचा उल्लेख येथे केल्याशिवाय राहवत नाही.

दूरदेशी

अहवाल दोनदा वाचला. सहल चांगली झाली याचा आनंद आहे. मात्र बस थांबवून दोन तासांत जे पाहिले, त्यावरून ऑक्सफर्डचा निकाल लावू नये. तुमच्याच नियमाने त्याला तीन रात्री द्यायला हव्यात.

चिरेबंदी (धागालेखिका)

बरोबर आहे. पुढच्या तुकडीसाठी स्ट्रॅटफर्डच्या दोन रात्री आणि बाथची एक अशा तीन रात्री ऑक्सफर्डला देऊन पाहता येतील का, याचा विचार नक्की करेन.

शिदोरी

विद्यार्थ्यांना प्रत्येक गावासाठी काही प्रश्नावली दिली होती का? आमच्या गटासाठी वापरायला आवडेल.

चिरेबंदी (धागालेखिका)

हो, अर्ध्या पानाची होती आणि ती चारही गावांना सारखीच ठेवली होती. हे गाव कशाचे बांधले आहे? ते साहित्य येथे नदीने, समुद्राने, रुळांवरून की बैलगाडीने आले? त्या साहित्याने सुताराला किंवा पाथरवटाला काय करू दिले आणि काय करू दिले नाही? असे तीन प्रश्न मी निघण्यापूर्वी लिहिले होते. ‘खर्च कोणी केला?’ हा चौथा प्रश्न बाथमध्ये मिळाला. पाचवा यॉर्कला मिन्स्टरच्या पाथरवटांचा कारखाना पाहताना एका मुलाने सुचवला. समोर मळकट जुन्या चिऱ्यांच्या मधोमध एक नवा, जवळजवळ पांढरा चिरा बसवलेला दिसत होता, आणि त्याने विचारले, “ही भिंत शेवटची कोणी दुरुस्त केली आणि ते कसे ओळखायचे?” प्रश्नावली टंकलिखित करून या आठवड्यात येथेच देते.